बांधकामावरील धूळ आणि कामगार-सुरक्षा

काँक्रीट, विटा, दगड किंवा फरशी कापताना, फोडताना, घासताना आणि झाडताना जी धूळ उडते, ती कामगाराच्या फुप्फुसात जाऊ नये यासाठी केलेली व्यवस्था. कपड्यांवर बसते, डोळ्यांत जाते ती धूळ त्रासदायक असते. पण खरी घातक धूळ दिसत नाही. दहा मायक्रॉनहून बारीक कण नाकातल्या केसांना आणि घशातल्या कफाला चुकवून आत उतरतात. त्यातले सर्वांत बारीक थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

या धुळीतला मुख्य शत्रू स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्‌झ. नदीची रेती आणि वालुकाश्म यांत ते भरपूर असते, ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव ते एक तृतीयांश. ओट्यासाठी हल्ली लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्‌झच्या लाद्यांत तर ९० टक्क्यांपर्यंत असते. अशा लाद्यांवर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून बंदी घातली. उलट, सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मुक्त क्वार्ट्‌झ अगदी कमी सापडते. पण तेवढ्याने त्याचा धुरळा निर्धोक ठरत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

सिलिकाच्या कणांभोवती फुप्फुसात व्रण धरतात व ते कडक होते. हा सिलिकोसिस. तो बहुधा दहा-वीस वर्षांनी उमटतो, बरा होत नाही आणि क्षयाला वाट करून देतो. खोकला व उतरलेले वजन पाहून अनेकांना नुसता क्षयच ठरवून औषधे दिली जातात. स्फटिकरूप सिलिकाच्या धुळीने कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७मध्ये मान्य केले. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आहे.

धूळ जिथे जन्मते तिथेच दाबणे, हा सर्वांत भरवशाचा उपाय. कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडली की कण हवेत उडण्याऐवजी चिखल होऊन खाली बसतात. साइटवर मदतनीस झाकणाला भोक पाडलेली बाटली धरून उभा दिसतो, तो याचसाठी. मात्र साधा ग्राइंडर ओला झाला की शॉकची भीती, म्हणून पुष्कळ फरशीवाले कोरडेच कापतात. त्यांचा दोष काढण्याआधी पाणी सोडून कापण्यासाठीच बनवलेले यंत्र आणि अर्थिंगसह ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) दिला आहे का, हे ठेकेदाराला विचारावे. पाणी नको असेल तिथे ग्राइंडरला शोषक यंत्र जोडतात. संध्याकाळचा कोरडा झाडू तर दिवसभर खाली बसलेली धूळ पुन्हा उठवतो. आधी पाणी शिंपडावे.

मास्क हा शेवटचा आधार. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा गमछा बारीक कण अडवत नाही. एन९५ अडवतो, पण तो चेहऱ्याला चिकटून बसला तरच. दाढीतून हवा आत शिरते.

मुंबई महापालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी धुळीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. ७० मीटरहून उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवे कापड वा ताडपत्री, पाण्याचे फवारे, ट्रकची चाके धुणे, अशा त्यांतल्या बहुचर्चित अटी. त्यांचा ओढा शेजाऱ्याच्या खिडकीकडे आहे. पत्र्याच्या आतला माणूस मात्र त्याच कोंडलेल्या हवेत कापत बसतो.

कारखाने अधिनियम, १९४८च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस नोंदणीयोग्य व्यवसायजन्य रोग होता, पण रोजंदारीवरच्या बांधकाम मजुराला त्याचा उपयोग क्वचितच झाला. भरपाईसाठी कोणाकडे, किती वर्षे धुळीत काम केले ते दाखवावे लागते. नाक्यावरून रोज वेगळ्या मुकादमाबरोबर जाणाऱ्या बिगाऱ्याकडे तसा कागद नसतो.