मार्शल लॉचं सोलापूर आणि त्या काळचे आंतरराष्ट्रीय करार

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज चढला. त्यानंतर तीनच दिवसांनी, ९ एप्रिलला, ब्रिटन आणि ब्रिटिश हिंदुस्थान या दोघांनीही युद्धात विषारी वायू वापरण्यास बंदी घालणाऱ्या १९२५ च्या जिनिव्हा कराराला मंजुरी दिली. १२ मे रोजी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला गेला. गांधी टोपी घालणं आणि तिरंगा बाळगणं हा गुन्हा ठरला. जूनअखेर हा अंमल उठायच्या बेतात असताना, २८ जूनला, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार संमत केला.

या तारखा शेजारी शेजारी आल्या हा योगायोग. पण त्या काळच्या करारांना कुंपण कुठं होतं, ते त्यातून स्वच्छ दिसतं. सरकारं एकमेकांशी कसं वागतील याचे नियम ठरत होते. स्वतःच्या अमलाखालच्या माणसांशी ती कशी वागतील, हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला मानला जाई.

याची मुळं १८६४ सालात आहेत. १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक उपचाराविना पडलेले जिनिव्हाच्या आंरी द्यूनां या व्यापाऱ्यानं पाहिले. त्याच्या खटपटीतून पुढं रेड क्रॉस उभी राहिली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. कलमं अवघी दहा. जखमी कोणत्याही बाजूचा असो, त्याला उचलायचं आणि त्याच्यावर उपचार करायचे. लष्करी दवाखाने आणि तिथली माणसं यांच्यावर हल्ला करायचा नाही. १८९९ आणि १९०७ च्या हेग परिषदांनी शस्त्रं, वेढे, व्यापलेला मुलूख यांचे नियम घातले. हे सगळं फार मोलाचं होतं, पण ते राष्ट्राराष्ट्रांतल्या युद्धापुरतं.

जुलै १९२९ मध्ये, म्हणजे सोलापूरच्या घटनांच्या आधी वर्ष पुरतं झालेलं नसताना, युद्धकैद्यांचा करार झाला. त्यावर हिंदुस्थानच्या नावानंही सही आहे. शत्रूच्या कैद्यावर खटला भरायचा तर त्याच्या हितसंबंधांची काळजी वाहणाऱ्या तटस्थ राष्ट्राला आधी कळवायचं. फाशी ठरली तरी त्या राष्ट्राला कळवल्यापासून तीन महिने ती अमलात आणायची नाही, असं त्यात लिहिलं होतं. सोलापुरात लष्करी न्यायालयांपुढं उभ्या राहिलेल्या माणसांच्या वतीनं चौकशी करायला असं कुठलंही तिसरं राष्ट्र नव्हतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यावरचा खुनाचा खटला नेहमीच्या न्यायालयात चालला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली. शत्रू म्हणून पकडलेल्या परक्या सैनिकाला कागदावर जे संरक्षण होतं, ते आपल्याच शहरात रस्त्यावर उतरलेल्या गिरणी कामगाराला नव्हतं. सोलापुरात या चौघांच्या चार हुतात्मा पुतळ्यांवरून जाताना मला ही गोष्ट बोचत राहते.

गिरणी कामगाराला करारांची ओळख मात्र आधीच झाली होती, भले ती त्याला कुणी सांगितली नसेल. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार झाला, कामाच्या तासांचा. जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळं कलम घातलं गेलं: ६० तास. जपानसाठी ५७. हिंदुस्थाननं १९२१ मध्ये तो मंजूर केला आणि १९२२ च्या कारखाना कायद्यात दिवसाला अकरा, आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. त्याआधीच्या बारा तासांच्या पाळीपेक्षा हे बरंच होतं, यात शंका नाही. तरी सोलापुरातल्या ‘जुनी मिल’ या गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसाचा आठवडा युरोपातल्या कामगारापेक्षा बारा तासांनी लांब असावा, हे करारातच लिहून ठेवलं होतं. ४८ तास आपल्याकडे आले ते कारखाना कायद्याच्या १९४६ च्या दुरुस्तीनं.

आणि सक्तीच्या मजुरीचा करार? तो संमत झाला तेव्हा सोलापुरात सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलेली कुटुंबं तारेच्या कुंपणाआड. नावाची नोंद, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायला पास. आणि इथल्या गिरण्यांना याच वस्तीतून मजूर मिळत. भारतानं हा करार मंजूर केला १९५४ मध्ये, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन दोन वर्षांनी.

१९३७ साली जपाननं चीनवर मोठा हल्ला केला, पण युद्ध जाहीर केलं नाही. त्याच लढाईतल्या जखमींसाठी १९३८ मध्ये काँग्रेसनं पाठवलेल्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथंच गेले. युद्ध जाहीर न करता लढण्याची ही पळवाट १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी बंद केली. एका बाजूनं युद्धाची स्थिती मान्य केली नाही तरी करार लागू, असं त्यांच्या दुसऱ्या कलमातच आहे. तिसरं कलम त्याहून मोठं. देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही शस्त्र खाली ठेवलेल्याला मारायचं नाही, छळायचं नाही, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा द्यायची नाही. घरच्या मामल्यात करारानं पाऊल टाकलं ते इथं.

त्याआधी डिसेंबर १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा आला होता. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसं’ हवं, असा आग्रह भारताच्या हंसाबेन मेहतांनी धरला आणि तो मान्य झाला. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारानं पुढची पायरी गाठली. आणीबाणी पुकारली तरी जगण्याचा हक्क आणि छळापासूनचं संरक्षण स्थगित करता येत नाही. भारत त्यात सामील झाला १९७९ मध्ये, स्वतःची आणीबाणी भोगून झाल्यावर.

काम मात्र अर्धंच झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. भारतानं जिनिव्हा करार १९५० मध्ये मंजूर केले आणि १९६० मध्ये त्यांचा कायदाही केला, पण अंतर्गत संघर्षांविषयीचा १९७७ चा पूरक करार स्वीकारलेला नाही. राज्यघटनेचं एकावन्नावं कलम आंतरराष्ट्रीय करारांचा आदर राखायला सांगतं. चौतिसावं कलम मार्शल लॉच्या काळात केलेल्या कृत्यांसाठी अधिकाऱ्यांना कायद्यानं अभय देण्याची मुभा संसदेला देतं. हे दुसरं कलम मार्शल लॉ सोसलेल्या सोलापूरकरांनी तरी मुळातून वाचायला हवं. सेटलमेंटचा धागाही अजून तुटलेला नाही. गुन्हेगार जमाती कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. वंशभेदविरोधी कराराच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २००७ मध्ये भारताला ते रद्द करायला आणि विमुक्त जमातींचं, म्हणजे जुन्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचं, पुनर्वसन करायला सांगितलं.