खटले माहीत असूनही मत का पडतं?

निवडणुकीचा अर्ज भरताना प्रत्येक उमेदवाराला एक प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं, नमुना 26. आपल्यावर कोणते गुन्हे दाखल आहेत, कोणत्या कलमांखाली आणि खटला कोणत्या कोर्टात चालू आहे, हे त्यात त्याने स्वतःच लिहून द्यायचं असतं. ही माहिती आपल्याला सहज मिळालेली नाही. 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' (एडीआर) ही संस्था त्यासाठी कोर्टात गेली, 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदाराचा हा हक्क मान्य केला आणि 2003 पासून प्रतिज्ञापत्रं सर्वांसाठी खुली झाली. लोकांना एकदा कळलं की ते अशा उमेदवारांना घरी बसवतील, अशी आशा होती.

झालं उलटंच. एडीआरच्या मोजणीनुसार 2004 च्या लोकसभेत गुन्हे नोंदवले गेलेले खासदार 24 टक्के होते. 2009 मध्ये 30, 2014 मध्ये 34, 2019 मध्ये 43 आणि 2024 मध्ये 46 टक्के, म्हणजे 543 पैकी 251. गुन्हा दाखल होणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे, हे इथे बजावून सांगायला हवं. मोर्चा काढल्याबद्दलही गुन्हा नोंदवला जातो. पण 2024 च्या या 251 जणांपैकी 170 जणांवरचे आरोप गंभीर आहेत. खून, खुनाचा प्रयत्न, अपहरण, महिलांवरचे अत्याचार असे गुन्हे त्या यादीत येतात.

अशा माणसाला निवडून दिल्याने मतदाराचं खरंच नुकसान होतं का? निशिथ प्रकाश, मार्क रॉकमोर आणि योगेश उप्पल या अर्थतज्ज्ञांनी हे तपासण्यासाठी उपग्रहांनी रात्री टिपलेला उजेड वापरला. ज्या भागात वीज, दुकानं, कारखाने वाढतात, तिथला रात्रीचा उजेडही वाढतो. अडचण अशी की मागास मतदारसंघच असे उमेदवार निवडत असतील, तर नुसत्या तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी विधानसभा निवडणुकांतल्या फक्त अटीतटीच्या लढती घेतल्या, जिथे आरोप असलेला आणि नसलेला उमेदवार समोरासमोर होते आणि निकाल थोडक्या मतांनी लागला. अशा ठिकाणी कोण जिंकलं हे जवळजवळ नाणेफेकीसारखं असतं, त्यामुळे पुढे दिसणारा फरक आमदाराच्या खात्यावर टाकता येतो. आरोप असलेला उमेदवार जिंकला तिथे उजेड कमी वेगाने वाढला. आरोप गंभीर असतील किंवा राज्य मागास असेल, तर फटका आणखी मोठा होता.

म्हणजे नुकसान होतं, आणि ते आपल्याच दारात. मग मत का पडतं?

'लोक अडाणी आहेत' हे शहरी दिवाणखान्यात लगेच मिळणारं उत्तर मला मुळीच पटत नाही. ज्या माणसावर केस आहे, ती केस काय आहे हे गावातल्या पारावर प्रतिज्ञापत्राच्या आधीच ठाऊक असतं. शिवाय मतदार निवडतो ते पक्षांनी वाढलेल्या ताटातून. निवडणूक महाग झाली आहे, आणि स्वतःचा खर्च स्वतः करू शकणारा उमेदवार पक्षाला हवाच असतो. तीन किंवा त्याहून जास्त उमेदवारांवर गुन्हे दाखल असलेल्या मतदारसंघांना एडीआर 'रेड अलर्ट' म्हणते. तिथल्या मतदाराला निवड तरी किती उरते?

राज्यशास्त्रज्ञ मिलन वैष्णव यांनी 2004, 2009 आणि 2014 च्या लोकसभा निवडणुकांचे आकडे तपासले. गुन्हे नोंद असलेल्या उमेदवाराची जिंकण्याची शक्यता सुमारे 18 टक्के होती, नसलेल्याची 6 टक्के. नसलेल्यांमध्ये अनामत गमावणारे असंख्य अपक्ष असतात, हे लक्षात घेतलं तरी फरक बोलका आहे. वैष्णव यांचं म्हणणं असं की जिथे सरकारी यंत्रणा दुबळी किंवा पक्षपाती असते आणि समाज गटांत विभागलेला असतो, तिथे गुन्हेगारीची ख्याती उमेदवाराच्या आड येत नाही, उलट कामी येते. 'हा आपल्यासाठी कुणालाही भिडेल' अशी ती जाहिरातच ठरते.

हे आपल्याला परकं नाही. सातबाऱ्यावर वारसाची नोंद रखडलेली असते, रेशनकार्डावरचं नाव कमी झालेलं असतं, किंवा पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत. कायद्याने जे आपोआप व्हायला हवं, त्यासाठी चिठ्ठी लागते, 'साहेबांचा फोन' लागतो. ज्याचा फोन उचलला जातो तो 'कामाचा माणूस'. मतदारसंघाचा उजेड वाढला नाही, हा तोटा लाखो लोकांत वाटला जातो आणि कुणालाच दिसत नाही. फेरफार झाला, हे मात्र त्या घराला दिसतं. तो मतदार हिशेब करतो, आणि आपल्यापुरता तो बरोबरच करतो.

त्यात भीती मिसळते. पलीकडच्या गटाने दांडगा माणूस उभा केला आणि आपण सज्जन दिला, तर उद्या आपल्या बाजूने बोलणार कोण? हाच विचार पलीकडेही चालू असतो. दोघांनी सज्जन दिले असते तर दोघांचंही भलं झालं असतं, पण पहिलं पाऊल टाकायची हिंमत कुणालाच होत नाही.

एकदा माणूस 'आपला' ठरला की पुढचं काम मन करतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांपुढे गरिबांना मदत देणाऱ्या दोन योजना ठेवल्या होत्या, एक सढळ हाताची, दुसरी हात आखडता घेणारी. पक्षाचं नाव न सांगता विचारलं तेव्हा उदारमतवादी विद्यार्थ्यांना पहिली आवडली, पुराणमतवाद्यांना दुसरी. पण 'ही तुमच्या पक्षाची योजना' म्हटल्यावर दोघांनीही आपापल्या पक्षाची योजना उचलून धरली, ती त्यांच्या विचारांच्या अगदी उलट असली तरीही. आणि आपण योजनेचा मजकूर बघूनच ठरवलं, हे ते मनापासून सांगत होते. आपल्याकडे 'त्याला विरोधकांनी अडकवलंय' हे वाक्य किती वेळा ऐकू येतं! तेच कलम दुसऱ्या बाजूच्या उमेदवारावर लागलं की पुरावा ठरतं.

म्हणून उपदेश वाया जातो. उत्तर प्रदेशात 2007 च्या विधानसभा निवडणुकीआधी संशोधकांनी एका संस्थेच्या मदतीने गावोगावी सभा आणि कठपुतळीचे खेळ केले. काही गावांत संदेश होता: भ्रष्ट उमेदवाराला मत देऊ नका. त्याचा परिणाम शून्य. इतर गावांत सांगितलं: जातीवर नको, विकासावर मत द्या. तिथे जातीनुसार मतदान घटलंच, शिवाय गंभीर गुन्हे असलेल्या उमेदवारांची मतंही कमी झाली. दांडग्याचा पाया कुठे आहे, हे या एका प्रयोगातून जितकं कळतं तितकं कुठल्याच व्याख्यानातून कळत नाही.

दिल्लीत 2008 मध्ये वेगळा प्रयोग झाला. झोपडपट्ट्यांत आमदारांचं प्रगतिपुस्तक वर्तमानपत्रातून घरोघर पोचवलं. आमदाराची सभागृहातली हजेरी किती, निधी कशावर खर्च झाला, आणि समोरचे उमेदवार कोण, हे त्यात होतं. मतदान वाढलं, पैसेवाटप कमी झालं आणि काम केलेल्या आमदारांना जास्त मतं पडली. मात्र आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या अशाच प्रयोगांचे निकाल 2019 मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ काहीच नव्हता. माझ्या मते दिल्लीतला कागद चालला, कारण त्यात मतदाराच्या वस्तीशी संबंधित गोष्टी होत्या आणि तुलनेला दुसरं नावही होतं.

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला किंवा नोंद मिळणं हा त्यात नागरिकाचा हक्क आहे, आणि नाही मिळाली तर अपील करता येतं. मुदतींचा फलक कार्यालयात लावणंही बंधनकारक आहे. निवडणूक सुधारणांच्या चर्चेत या कायद्याचं नावही निघत नाही, याचं मला वाईट वाटतं. सोमवारी सकाळी आमदाराच्या घरासमोर जी गर्दी जमते, तिच्यातल्या किती जणांच्या हातातलं काम त्या फलकावरचं असतं, हे कुणीतरी आधी मोजायला हवं.