इको नव्हे, घुमणं!

“फादर, इको लई येतोय. अजून दोन बॉक्स टाकूया.” बेळगाव-खानापूर पट्ट्यात चर्चच्या साउंडची बैठक भरली की कुणीतरी हे म्हणतंच. माना डोलतात, बॉक्स येतात, आणि मागच्या बाकांवर उपदेश पहिल्यापेक्षा कमी कळायला लागतो. कारण त्रास इकोचा नव्हताच.

इको म्हणजे प्रतिध्वनी. नववीच्या विज्ञानात 17.2 मीटरवरची भिंत सगळ्यांनी पाठ केलीय: टाळी वाजवली की तीच टाळी पुन्हा, सुटी, ऐकू येते. यावर जास्त बोलायला नको. माईकची शिट्टी हे तर तिसरंच काहीतरी. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरतो म्हणून ती होते. माईक तोंडाजवळ घ्या आणि स्पीकरच्या मागे ठेवा.

घुमणं मात्र नीट समजून घ्या. उंच छत, दगडी किंवा गिलाव्याच्या भिंती, खाली फरशी. यातलं काहीच आवाज पीत नाही. एक शब्द हजार ठिकाणी आपटून परत येतो, पण सुटा नाही, एकमेकांत मिसळून. ‘शांती’ म्हटलं की ‘शां’ची शेपटी ‘ती’वर येऊन बसते. स्वर दणकट, ते रेंगाळतात. त, क, प, स ही नाजूक व्यंजनं त्याखाली गाडली जातात. आवाज भरपूर, शब्द शून्य.

आता व्हॉल्यूम वाढवा. स्पीकरमधून थेट येणारा आवाज वाढला, तेवढंच घुमणंही वाढलं. दोघांतलं प्रमाण तसंच राहिलं. मागे बसलेल्या माणसाला शब्द कळतो तो या प्रमाणामुळे, वॅटमुळे नाही. हे एकदा डोक्यात शिरलं तर अर्ध्या चर्चांचे पैसे वाचतील.

आपल्याकडे घोळ होतो तो डॉल्बीमुळे. (डॉल्बी ही मुळात टेपमधली खरखर घालवायच्या तंत्रासाठी गाजलेली कंपनी, आपण बॉक्सच्या भिंतीला तिचं नाव देऊन टाकलंय.) गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावर छत नसतं. वर गेलेला आवाज गेला तो गेलाच, त्यामुळे तिथे ताकदीनं काम भागतं. तोच डॉल्बीवाला तेच बॉक्स वेदीच्या दोन बाजूंना, तोंड छताकडे करून ठेवतो, तेव्हा तो माणसांना नाही, छताला उपदेश ऐकवत असतो.

माझी पसंती ठरलेली आहे: बारीक, उंच कॉलम स्पीकर. त्यांचा आवाज आडवा पसरतो, वर-खाली फार जात नाही. ते बाकांकडे रोखायचे. चर्च लांब असेल तर निम्म्यावरच्या खांबांवर छोटी दुसरी जोडी, हळू आवाजात. स्पीकर माणसाच्या जवळ गेला की थेट आवाज जिंकतो.

पण इथेच खराखुरा इको जन्माला येतो, तोही आपल्या हातानं. आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो. मागची जोडी 24 मीटरवर असेल तर पुढच्या स्पीकरचा आवाज तिथे 70 मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मागच्या जोडीचा आवाज 70 आणि वर आणखी दहाएक मिलिसेकंद उशिरा सोडायचा. मग कानाला सगळा आवाज वेदीकडूनच आल्यासारखा वाटतो. ही उशिराची (डिलेची) सोय स्पीकरकडे जाणाऱ्या लाइनवर हवी. मिक्सरच्या इफेक्टमधला ‘डिले’ हा गाण्यातला शब्द पुन्हापुन्हा म्हणणारा. एका चर्चमध्ये पाहिलं, साउंडवाल्या पठ्ठ्यानं तोच चालू करून ठेवला होता, वाचनाच्या माईकवर! उपदेशाच्या माईकला इको आणि रिव्हर्ब (मशीननं मुद्दाम घातलेलं घुमणं) दोन्ही शून्य. यावर मी वाद घालत नाही.

स्पीकर बदलूनही भागलं नाही तर भिंतीकडे वळा. 1895 मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञानं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मोजमाप केलं: जागा जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, आवाज पिणारं सामान जितकं जास्त तितकं ते कमी. भाषणाला सेकंदभर घुमणं पुरे. कोयरला, म्हणजे चर्चमधल्या समूहगायनाला, दोन सेकंदही गोड लागतात, म्हणून सगळं मारून टाकू नका. मागच्या भिंतीला कापडात गुंडाळलेले रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) जाड पॅनल लावा, किंवा भिंतीपासून जरा सोडून भरपूर चुण्यांचे जाड पडदे. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे कृपा करून नकोत. थर्माकोलात हवाच शिरत नाही, मग आवाज कुठून पिणार?

माणसंही आवाज पितात, म्हणून मंगळवारी रिकाम्या चर्चमध्ये ‘हॅलो, चेक’ करून बिल चुकतं करू नका. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) होऊ द्या. मग मागच्या बाकावरच्या आजींना “ऐकू आलं का?” असं विचारू नका, त्या हो म्हणतील. “आज फादर काय म्हणाले?” असं विचारा.