केमोथेरपी घेणाऱ्या कर्करुग्णांचे लसीकरण

केमोथेरपीच्या आधी, दरम्यान व नंतर कर्करुग्णाला संसर्गजन्य रोगांच्या लसी देण्याची पद्धत. तसेच या लसी अधिकाधिक रुग्णांना मिळाव्यात म्हणून रुग्णालयांत योजले जाणारे उपाय. कोणती लस केव्हा द्यायची, याबद्दल तज्ज्ञांत फारसे मतभेद उरलेले नाहीत. घोडे अडते ते ती देणार कोण, इथे.

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात आणि त्यात रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जाही (हाडांतला मगज) भरडली जाते. डोस दिल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळ गाठतात. या काळात साधा फ्लूही न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. शिवाय ताप आला की पुढची सायकल, म्हणजे औषधाची पुढची फेरी, लांबते किंवा औषधाची मात्रा कमी करावी लागते, म्हणजे संसर्गाची किंमत कर्करोगाच्या उपचारालाही मोजावी लागते. इन्फ्लुएन्झा, न्यूमोकोकस जिवाणू, कोविड आणि नागीण यांच्या लसींवर भर असतो तो यामुळेच.

लसींचे दोन गट इथे काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसी आणि नाकात फवारायची फ्लूची लस यांत जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. केमो चालू असताना त्या देत नाहीत. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या शरीरात तो विषाणूच रोग निर्माण करू शकतो. निष्क्रिय किंवा विषाणूच्या एखाद्या घटकापासून बनवलेल्या लसींना हा धोका नाही. नागिणीच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरला. पूर्वीची लस जिवंत विषाणूची होती, त्यामुळे ज्यांना नागीण होण्याची शक्यता जास्त, त्यांनाच ती वर्ज्य होती. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रथिनापासून बनवलेल्या लसीला मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये प्रतिकारशक्ती कमी असलेल्या १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीही ती खुली झाली. (जिवंत जिवाणूंची बीसीजी लस मूत्राशयाच्या कर्करोगात थेट मूत्राशयात सोडतात, पण तो उपचार आहे, लसीकरण नव्हे.)

निष्क्रिय लस केमोच्या पहिल्या डोसच्या किमान २ आठवडे आधी आणि जिवंत लस किमान ४ आठवडे आधी द्यावी, असा संकेत आहे. प्रत्यक्षात निदान झाल्यावर उपचाराची इतकी घाई असते की हे आठवडे क्वचितच हाती असतात, आणि लसीसाठी केमो थांबवणेही बरोबर नाही. मग निष्क्रिय लस दोन सायकलींच्या मध्ये देतात. प्रतिसाद निरोगी माणसापेक्षा कमी मिळतो, तरी काहीच नसण्यापेक्षा तो बरा. काही रक्ताच्या कर्करोगांत दिले जाणारे रिटुक्सिमॅबसारखे औषध मात्र प्रतिपिंडे (जंतूंना ओळखून रोखणारी प्रथिने) बनवणाऱ्या पेशींची मूळ फळीच पुसून टाकते. त्यानंतर साधारण ६ महिने लसीचा फारसा उपयोग होत नाही. फ्लूचा हंगाम तोंडावर असेल तर त्याची लस तरीही देतात. जिवंत लसी केमो संपल्यावर किमान ३ महिने थांबून, रोग आटोक्यात असल्याची खात्री करूनच देतात. मूळपेशी प्रत्यारोपणानंतर (रक्त तयार करणाऱ्या पेशी नव्याने बसवल्यानंतर) लहानपणी घेतलेल्या लसींचे संरक्षणही बरेचसे ओसरते व लसीकरण पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

सुई टोचतानाही काही गोष्टी पाहाव्या लागतात. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या असतील तर लस दुसऱ्या बाजूच्या हातात देतात. प्लेटलेट्स कमी असतील तर बारीक सुई वापरून ती जागा न चोळता किमान २ मिनिटे घट्ट दाबून धरतात. पांढऱ्या पेशी तळाला असताना शक्यतो लस टाळतात, कारण तेव्हा आलेला ताप लसीचा की जंतुसंसर्गाचा हे सांगता येत नाही आणि असा ताप तातडीने रुग्णालयात दाखल करण्याजोगा मानला जातो. पेट स्कॅन (शरीरात रोग कुठे आहे ते दाखवणारी तपासणी) जवळ आला असेल तर लस कोणत्या हातात घेतली ते सांगावे. काखेतल्या ग्रंथी लसीमुळेही स्कॅनमध्ये उजळतात आणि रोग पसरल्याचा भास होतो.

इतके सगळे ठरलेले असूनही लस राहून जाते. कर्करोगतज्ज्ञ समजतो की लसीचे फॅमिली डॉक्टर बघतील. फॅमिली डॉक्टरला वाटते, केमो चालू आहे, आपण हात लावायला नको. मधल्या मध्ये रुग्ण विचारतच नाही. लसीनेच फ्लू होतो हा समज आणि आधीच त्राण नसताना आणखी एक सुई कशाला, ही नाराजीही असते. पण लस घेणार की नाही हे बहुतेकदा उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतः सुचवले का, यावर ठरते. नुसती पत्रके वाटून फार काही साधत नाही.

परिणामकारक उपायांचा रोख लस केमोच्या दिनक्रमातच बसवण्यावर असतो. रुग्ण रक्ततपासणीसाठी आणि डे-केअरमध्ये (केमो घेऊन त्याच दिवशी घरी जाण्याच्या विभागात) येतोच. तिथेच २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाचा फ्रिज ठेवायचा आणि ठरलेल्या निकषांत बसणाऱ्या रुग्णाला प्रत्येक वेळी डॉक्टरच्या सहीची वाट न पाहता लस देण्याचा स्थायी आदेश नर्सला द्यायचा. संगणकीय नोंदीतली सूचना मदत करते, पण ती एकटी असेल तर लवकरच डोळ्यांआड होते. प्रत्येक डॉक्टरला त्याच्या रुग्णांतले लसीकरणाचे प्रमाण वेळोवेळी दाखवणे, हाही प्रचलित मार्ग आहे. घरच्या माणसांनाही लस दिली जाते. फक्त तोंडाने द्यायची पोलिओ लस अशा घरात टाळतात, कारण तिचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो.

प्रमाण मोजतानाही गफलत होते. दुसरीकडे घेतलेली लस नोंदीत नसली की रुग्ण ‘लस न घेतलेला’ ठरतो, आणि नकार देणारा व कोणी विचारलेच नाही असा रुग्ण एकाच रकान्यात जातात. हे दोन रकाने वेगळे केले की चूक समजुतीत आहे की व्यवस्थेत, ते कळते.