केळीवरचा करपा आणि बुरशीच्या केंद्रकातली चाती

रावेर-यावल पट्ट्यातल्या मृगबागेत पावसाळ्याच्या दिवसांत केळीच्या पानावर शिरांना समांतर अशा फिकट पिवळ्या रेघा उमटतात. पुढे त्यांचे लांबट तपकिरी ठिपके होतात, मधला भाग राखाडी पडून वाळतो आणि भोवती पिवळी कडा राहते. हा सिगाटोका करपा, बुरशीमुळे होणारा रोग. त्याची पहिली नोंद १९०२ मध्ये जावा बेटावर झाली आणि फिजीतल्या सिगाटोका खोऱ्यातील १९१२ च्या प्रादुर्भावावरून त्याला नाव मिळाले. या करप्यावर फवारले जाणारे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बुरशीला नेमके कुठे गाठते, याचा उलगडा मात्र केळीपासून फार दूर, प्रयोगशाळेतल्या बुरश्यांमध्ये झाला.

बुरशीचे केंद्रक इतके लहान असते की, विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे वेगळी कशी होतात, हे साध्या सूक्ष्मदर्शकातून धड दिसत नसे. बुरश्यांत गुणसूत्रांना ओढून वेगळे करणारे तर्कूतंतू असतात की नाहीत, यावरच दीर्घकाळ वाद चालला. १९६६ मध्ये रॉबिनो आणि मराक या संशोधकांनी यीस्टच्या केंद्रकात तंतूंची जुडी दाखवली. चरख्याच्या चातीसारखी दोन्ही टोकांना निमुळती अशी ही रचना सूक्ष्मनलिकांची, म्हणजे पेशीतल्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांची, बनलेली असते, आणि अनेक बुरश्यांत केंद्रकाचे आवरण न फुटता ती आतल्या आतच गुणसूत्रांना दोन बाजूंना नेते.

याच सुमारास, १९६८ च्या आसपास, बेनोमिल हे आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे, बुरशीनाशक पुढे आले. पाण्यात त्याचे विघटन होऊन कार्बेन्डाझिम तयार होते, हे १९६९ मध्ये कळले. माझ्या मते यातला सर्वांत सुंदर धागा १९७० चा आहे. हेस्टी या संशोधकांनी अॅस्परजिलस निड्यूलन्स या बुरशीच्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) वाणांना बेनोमिल दिले, तेव्हा ते वाण अस्थिर झाले, म्हणजे गुणसूत्रांची वाटणी बिघडत होती. १९७३ मध्ये नेदरलँड्सच्या डेव्हिडसे यांनी त्याच बुरशीत विभाजन अडत असल्याचे दाखवले. त्याच वर्षी मक्यावर काणी आणणाऱ्या अस्टिलॅगो मेडिसवरही या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे स्पष्ट झाले की औषध सूक्ष्मनलिका ज्यापासून बनतात त्या ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे सूक्ष्मनलिका जुळत नाहीत आणि दुप्पट झालेली गुणसूत्रे जागीच अडकतात. बीजाणू रुजतो, पण त्याचा अंकुर वेडावाकडा होऊन थांबतो.

एकाच प्रथिनावरचा हा नेम औषधाची ताकद ठरला आणि उणीवही. १९७७ मध्ये डेव्हिडसे आणि फ्लाख यांनी दाखवले की, प्रतिकारक्षम बुरशीचे ट्यूब्युलिन औषधाला तितके धरत नाही. पुढे अनेक रोगकारक बुरश्यांत बीटा-ट्यूब्युलिन या त्याच्या एका प्रकारात १९८ व्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी अॅलानिन हे वेगळे अमिनो आम्ल आढळले. जनुकातले एकच अक्षर बदलले की एवढे होते. गुणसूत्रे पुन्हा सुरळीत वाटली जातात आणि फवारणी वाया जाते. मध्य अमेरिकेतल्या केळीमळ्यांना हा अनुभव १९७० च्या दशकातच आला.

म्हणूनच कार्बेन्डाझिमची पुडी आज अनेकदा मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकासोबत मिसळलेली मिळते. मॅन्कोझेब पेशीतल्या अनेक ठिकाणी एकाच वेळी घाव घालते. चातीशी त्याचे देणेघेणे नाही.