विसंगत विश्वकिरण

सूर्यमालेच्या बाह्य भागात प्रचंड वेग मिळालेल्या आणि तेथून काही प्रमाणात पृथ्वीपर्यंत पोहोचणाऱ्या विद्युतभारित कणांना विसंगत विश्वकिरण म्हणतात. १९७०च्या दशकाच्या आरंभी अवकाशयानांवरील उपकरणांना, प्रत्येक न्यूक्लिऑनमागे (अणुकेंद्रातील प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) सुमारे १० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या आसपास, हीलियम, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे कण अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक आढळले. कार्बन मात्र फारच थोडा होता.

कार्बनची ही उणीवच उगमाचा सर्वांत बोलका पुरावा ठरली. ताऱ्यांमधील अवकाशात कार्बनचे सहज आयनीभवन होते आणि अशा भारित कणांना सूर्याचे चुंबकीय क्षेत्र बाहेरच थोपवते. ऑक्सिजन, हीलियम यांसारखे विद्युतभाररहित अणू मात्र विनाअडथळा आत येतात. फिस्क, कोझलोव्स्की आणि रामाटी यांनी १९७४ मध्ये मांडले की, हे अणू सूर्याजवळ येताना अतिनील किरणांमुळे किंवा सौरवाताशी, म्हणजे सूर्यापासून सतत बाहेर वाहणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहाशी, होणाऱ्या भारविनिमयामुळे एक इलेक्ट्रॉन गमावतात, सौरवाताबरोबर पुन्हा बाहेर वाहून नेले जातात आणि तेथे त्यांची ऊर्जा हजारो पटींनी वाढते.

हे खरे असेल, तर या कणांवर एकच धनभार असायला हवा. कमी भाराचे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अधिक खोलवर शिरतात, या गुणाचा उपयोग करून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अनुराधा’ हा प्रयोग १९८५ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानातून, स्पेसलॅब-३ मोहिमेत पाठवला. त्यातील प्लॅस्टिक शोधकांवर उमटलेल्या मार्गखुणांनी एकेरी भाराच्या कल्पनेला पुष्टी दिली. भारतीय अवकाशविज्ञानाच्या इतिहासात या प्रयोगाची याहून ठळक दखल घेतली जायला हवी.

ऊर्जा नेमकी कोठे मिळते, हा प्रश्न अधिक अवघड निघाला. सौरवात जेथे एकाएकी मंदावतो, त्या आघातसीमेवर हे घडत असावे, असा समज होता. व्हॉयेजर-१ या अवकाशयानाने ती सीमा डिसेंबर २००४ मध्ये सूर्यापासून सुमारे ९४ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांतील सरासरी अंतर) ओलांडली. व्हॉयेजर-२ने २००७ मध्ये, सुमारे ८४ एककांवर. दोन्ही वेळी या कणांची तीव्रता सीमेवर शिखर गाठण्याऐवजी पलीकडेही वाढतच राहिली. आघातसीमा पुढून बोथट असल्याने मुख्य प्रवेग तिच्या दूरच्या बाजूंना मिळत असावा, हे त्याचे एक स्पष्टीकरण. सीमेपलीकडच्या खळबळीतच तो मिळतो, असे दुसरे मत आहे.

ऑगस्ट २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सुमारे १२२ खगोलीय एककांवर सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले, तेव्हा हे कण अल्पावधीत जवळजवळ नाहीसे झाले आणि आकाशगंगेतून येणाऱ्या विश्वकिरणांची तीव्रता वाढली.