नागोयाला न थांबलेली गाडी

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: एवढ्या वेगाची गाडी, मग वाटेत ठाणे, विरार, बोईसर कशाला? थेट का नेत नाहीत? जपानने हे कोडं साठ वर्षांपूर्वी सोडवलं, आणि आपली मांडणी तिथूनच आली आहे.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते शिन-ओसाका (ओसाका शहराचं बुलेट ट्रेनचं स्थानक) हा ५१५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. स्थानकं १२. पहिल्या दिवसापासून गाड्या दोन प्रकारच्या. ‘हिकारी’ वाटेतल्या फक्त नागोया आणि क्योतो या मोठ्या शहरांना थांबून चार तासांत पोचायची. ‘कोदामा’ प्रत्येक स्थानक घेत पाच तासांत. हिशेब साधा आहे. दोनच स्थानकं असली तर तिकिटाची ‘इथून तिथे’ अशी जोडी एकच. चार असली तर सहा, बारा असली तर ६६. नागोयाला उतरलेल्याची जागा तिथेच चढणारा घेतो, आणि तीच खुर्ची एका फेरीत दोनदा विकली जाते.

थांब्याची किंमत मात्र मोजावी लागते. गाडी उभी राहते मिनिट-दीड मिनिट, पण वेग उतरवणं आणि पुन्हा चढवणं धरून चार-पाच मिनिटं जातात. म्हणून बहुतेक छोट्या स्थानकांत मधले रूळ न थांबणाऱ्या गाड्यांसाठी मोकळे ठेवले. कोदामा बाजूच्या रुळावर, फलाटाला दारं उघडून उभी असते, शेजारून जलद गाडी सुसाट निघून जाते आणि उभ्या डब्याला चांगलाच हादरा बसतो. या बाजूच्या रुळांमुळेच छोट्या गावांना गाडी मिळाली, हे मला या सगळ्या रचनेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

मार्च १९९२ मध्ये हिकारीपेक्षाही जलद ‘नोझोमी’ आली. टोकियोहून सकाळी सहाला सुटून साडेआठला ओसाका गाठायचं, म्हणून तिच्या पहिल्या गाडीने नागोया आणि क्योतो दोन्ही वगळली. नागोयात संताप उसळला. ‘नागोया-तोबाशी’, म्हणजे नागोयाला ओलांडून जाणं, हा शब्दच रूढ झाला. १९९७ मध्ये तो प्रयोग थांबला. आज प्रत्येक नोझोमी नागोयालाही थांबते आणि क्योतोलाही.

फ्रान्सने वेगळी वाट धरली. १९८१ च्या पॅरिस–लियाँ मार्गावर अनेक गाड्या खरोखरच थेट धावतात, पण तिथे पॅरिस सोडलं की लियाँपर्यंत मोठं शहरच लागत नाही.

आपल्याकडे तसं नाही. ५०८ किलोमीटर, १२ स्थानकं. मोजके थांबे घेणारी गाडी २ तास ७ मिनिटांत, सगळे घेणारी २ तास ५८ मिनिटांत, असं मूळ नियोजन आहे. सुरतेत पैलू पाडलेला हिरा विकला जातो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरे बाजारात, आणि मुंबईचं स्थानकही त्याच संकुलात आहे. त्या व्यापाऱ्याला अहमदाबादशी काय देणंघेणं? त्याला सुरतेत चढायचंय.